फिलू आणि पालीच्या वाळूवरची पांढरी पावडर

फिलू,

तुझ्या कबरीवर माती टाकायला वाकले, तेव्हा माझ्या बोटाला एक मुंगळा लागला. पहिला विचार मनात आला तो असा, की हा चावला की डसला, हे फिलूला विचारायला हवं. विचारायला तू नाहीस, हे कळायला क्षणभर वेळ लागला. मग मी तशीच मातीवर वाकून राहिले. शेजारी तुमच्या पाली गावची रजीना होती, तिनं मला दंडाला धरून बाजूला नेलं. तिला वाटलं, मी पेटी खाली जाताना बघून खचले. मुंगळ्याचं मी कुणाला सांगितलं नाही. तुलाच सांगतेय.

कॉलेजात तुझ्यासाठी सभा झाली. सरांनी तुझ्या पदव्या सांगितल्या, परीक्षेतले नंबर सांगितले, कोळ्याच्या घरातली मुलगी कुठवर पोचली वगैरे सांगितलं. सगळं खरंच होतं. पण ऐकताना मला सारखं वाटत होतं, की हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. माझ्या ओळखीची फिलू त्यात एकदाच आली. डासांचा पिंजरा उघडा राहिला म्हणून अख्ख्या ग्रंथालयाला खाजवत घरी जावं लागलं, ती गोष्ट सर बोलून गेले तेव्हा. लोक हसले. मग आपण कुठल्या सभेला बसलोय ते आठवून गप्प झाले.

आपली ओळख झाली तेव्हा युद्ध सुरू व्हायचं होतं. मी रसायनाच्या खोलीत, तू कीटकांच्या. मध्ये एक लांबलचक व्हरांडा, आणि तो ओलांडायचं कारण कुणालाच पडत नसे. एक दिवस सर म्हणाले, "कमल, पलीकडे एक मुलगी आहे, तिला मीठ मोजून हवंय. जाऊन बघ काय म्हणते." मी आले तर तू कोपरापर्यंत हात जाळीच्या पिंजऱ्यात घालून पुस्तक वाचत बसली होतीस. हातावर डासच डास.

"बसा," म्हणालीस. "यांचं जेवण चाललंय."

मी दाराशीच उभी राहिले. तू पान उलटलंस आणि विचारलंस, "भाईंदरच्या ना तुम्ही? मिठागरं तुमचीच?"

"वडलांची."

"मग ज्या कोंडीत मीठ धरायला लागतं, त्या पाण्यात अळ्या वळवळताना बघितल्या असतील."

"लहानपणापासून बघतेय."

"त्या मरत का नाहीत?"

मी म्हटलं, "सवय असेल."

तू इतकी हसलीस, की हातावरचे डास उडाले. "बोंबीलसुद्धा खाऱ्या पाण्यातच जन्मतो. त्याला टाका तुमच्या मिठागरात, आणि बघा सवय होते का!"

मला राग आला होता, फिलू. आज सांगते. पण त्या रागापेक्षा दुसरी गोष्ट जास्त बोचत होती. ज्या पाण्यात पाय बुडवून मी लहानाची मोठी झाले, त्या पाण्यात अंडं तरंगतं, आपल्या पायाच्या भेगा चरचरतात, आणि तिथं एक दोऱ्याएवढा जीव खुशाल पोहतो. हे मी हजारदा पाहिलं होतं. आणि एकदाही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आपण दोघी बाबांच्या मिठागरात गेलो. तू साडी खोचून कोंडीत उतरलीस आणि गाळणीनं अळ्या धरायला लागलीस. बाबा बांधावर छत्री घेऊन उभे. त्यांना काही सहन होईना. "अगो पोरी, इथं मीठ पिकतं," ते म्हणाले, "तुला नेमके किडेच कसे हवेत?" तू म्हणालीस, "काका, मिठाला गिऱ्हाईक पुष्कळ आहे. यांना कुणीच नाही." त्या दिवसापासून बाबांना तू आवडायला लागलीस. घरी आलीस की ते आधी किड्यांची चौकशी करायचे.

मग ते दिवस. अळीच्या अंगातला रक्ताचा थेंब केसासारख्या काचनळीत ओढायचीस तू, आणि त्यातलं मीठ मोजायची मी. थेंब एवढासा, की मी श्वास सोडला तरी उडेल. सिल्व्हर नायट्रेटनं माझी बोटं काळीकुट्ट झाली. घरी सगळे म्हणत, हिचं लग्न कसं व्हायचं. आकडे आले ते मी तुला तीन वेळा करून दाखवले, कारण माझाच त्यांच्यावर विश्वास बसेना. बाहेरचं पाणी कितीही खारट करा, अळीच्या आतलं रक्त जवळजवळ होतं तसंच. आत मीठ शिरत होतं, कारण ती ते पाणी पीत होती. मग जात होतं कुठं?

तू रेशमाचा धागा उसवून त्याचा एक तंतू काढलास आणि भिंगाखाली अळीच्या शेपटाकडच्या टोकाला गाठ मारलीस. मी जन्मात तेवढी बारीक गाठ पाहिली नव्हती. जाळं विणणाऱ्या घरातला हात होता तो. गाठ मारलेल्या अळ्यांच्या रक्तात मीठ चढत गेलं आणि त्या मेल्या. गाठ नसलेल्या मजेत होत्या. म्हणजे जे काही चाललं होतं, ते त्या मागच्या टोकात चाललं होतं.

तू बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाहीस. मग म्हणालीस, "एवढासा जीव दिवसभर मीठ उपसून बाहेर टाकतोय बघ, कमल. नुसतं जिवंत राहायला." तुझा आवाज बदलला होता. आणि "तुम्ही" जाऊन "तू" आलं होतं. ते तुझ्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

युद्धात सगळं थांबलं. काच मिळेना, रसायनं मिळेनात. सिल्व्हर नायट्रेट तर औषधापुरतंही नव्हतं. तू मुलांना शिकवत राहिलीस, मीही. आणि युद्ध संपता संपता ती पावडर आली.

पहिला डबा सरांनी स्वतः उघडला होता. ते तर लहान मुलासारखे झाले होते. "युद्धानं जगाला दिलेली एवढी एकच चांगली गोष्ट," असं म्हणाले. डी.डी.टी. पांढरी, जवळजवळ बिनवासाची, पिठासारखी. तू काचेच्या बरणीत चिमूटभर फिरवून काढून टाकलीस, नुसता हात लागल्यासारखी, आणि आत माश्या सोडल्यास. थोडा वेळ काही झालं नाही. मग एकीच्या पायांना कंप सुटला. ती काचेवरून घसरली, उताणी पडली आणि पाय झाडत राहिली. मग दुसरी. मग सगळ्या. तू घड्याळ खाली ठेवलंस आणि विचारलंस, "पायांपासूनच का सुरू होतं?" बाकीचे टाळ्या वाजवत होते.

पण तुलाही ती पावडर प्रिय होती, हे विसरून चालणार नाही. तुझ्या दादाची, पेद्रूची धाकटी लेक दर वर्षी हिवतापानं थडथडायची, पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून पोट टम्म व्हायचं. पालीत घरोघरी भिंतींवर फवारा मारला, आणि त्या वर्षी ती पोर तापाशिवाय झोपली. सोमवारी तू प्रयोगशाळेत आलीस ती सरळ कपाटाकडे गेलीस आणि डब्याला हात जोडलेस. थट्टेनं. पण पुरतं थट्टेनं नव्हे. मी बघत होते.

म्हणून पुढं जे झालं ते तुला जास्त जड गेलं असणार. मला ती पावडर नावडायला काही त्रास नव्हता, माझं तिनं काही भलं केलं नव्हतं.

मासळी सुकवायच्या हंगामात मी पालीला तुझ्याकडे आले होते. भाईंदरहून बैलगाडीनं, धक्के खात. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील लटकत होते, खाली वाळूवर जवळा पसरलेला. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि कळत नव्हतं काय. मग कळलं. माश्या नव्हत्या. सुकत्या मासळीवर एक माशी नाही, असा किनारा मी कधी पाहिला नव्हता. तुझी आई पदरात पांढरी पावडर घेऊन जवळ्यावर भुरभुरवत चालली होती, रांगोळी घातल्यासारखी.

"बघितलंस गो कमल?" मावशी म्हणाली. "यंदा एक किडा न्हाय. व्यापारीच देतो आणून. निम्मा माल कुजायचा आमचा, आता काडीभर जात न्हाय."

तुझी नजर वलांडीखाली होती. तिथं मावशीचं पिवळं मांजर चालत होतं. चालत कसलं, पाय जिथं टाकायचा तिथं पडत नव्हता. मग ते बसलं. कानापासून शेपटीपर्यंत त्याला बारीक कंप सुटला होता.

"परवापासून तसंच करतंय," मावशी म्हणाली. "रजीनाचं तर मेलं. कायतरी बाधलंय."

तू वाळूवर उकिडवी बसलीस, मांजराच्या अगदी समोर. मला म्हणालीस, "पायांकडे बघ, कमल."

मी पाहिलं. आणि मला बरणीतल्या माश्या दिसल्या.

तू मूठभर जवळा रुमालात बांधलास, चार बोंबील घेतलेस. मावशी म्हणाली, "आमी धुऊन खातो हां. पावडर काय, वाळूसारखी धुऊन जाते." तू म्हणालीस, "बघते, आई." तुझ्या "बघते"ची मला भीती वाटायची. त्याचा अर्थ, आता माझी बोटं पुन्हा काळी होणार.

झालंही तसंच. धुतलेली मासळी, न धुतलेली मासळी, शिजवलेली, तळलेली. चरबी ईथरमध्ये उतरवून घ्यायची, ईथर उडवायचं, उरलेलं जाळायचं आणि त्यातलं क्लोरीन सिल्व्हर नायट्रेटनं मोजायचं. मिठाचं क्लोरीन वेगळं काढता काढता मी रडकुंडीला आले. सरांनी आधी नाक मुरडलं, "हे आपलं काम नव्हे," असं म्हणाले. मग पहिले आकडे पाहिले आणि चष्मा काढून पुसला. "पुन्हा करा," एवढंच म्हणाले. पुन्हा केलं. तेच आलं. धुऊन वरवरची पावडर जात होती, पण आत मुरलेली जात नव्हती. पाण्यात ती विरघळतच नाही. तेलात आणि चरबीत विरघळते. बोंबील तळला की ती कढईतल्या तेलात उतरते, आणि तेल आपण भाताबरोबर खातो.

मी लगेच लेख लिहायला बसले. तू माझा हात धरलास.

"छापायचं नाही."

मला वाटलं, तू चेष्टा करतेयस. "का?"

"पालीचं नाव आलं की संपलं. पाली, शेजारचं चौक गाव, अख्खं उत्तन. सुकी मासळी कोण घेईल आमची? आणि लोक काय म्हणतील माहितेय? भिंतीवरचा फवाराही नको म्हणतील. मग पेद्रूची पोरगी परत तापात पडेल. तिचं काय?"

"आणि जे खातायत त्यांचं काय?"

"ते मी बघते. आधी गावात सांगते."

"गावात सांगशील. खाणारे काय एकट्या पालीत आहेत? मुंबईत घरोघरी जातोय हा माल. आमच्या घरात येतो! वहिनी बाळंतीण आहे, तिला दूध यावं म्हणून रोज तुमच्या बोंबलाचं कालवण चाललंय. मी आज जाऊन बंद करणार. म्हणजे माझं घर वाचलं, कारण मी तुझी मैत्रीण. बाकीच्यांनी काय करायचं?"

तू उठून बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलीस. तुझा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मला एक हंगाम दे, कमल," म्हणालीस. "एकच."

मी दिला. मला आजही ते बरोबर वाटत नाही. आणि आजही वाटतं, की तुझ्या जागी मी असते तर मीही हेच मागितलं असतं. घरी जाऊन मी वहिनीचे बोंबील बंद केले. कारण सांगता येईना, तर तिला वाटलं मी तिच्या खाण्यावर डोळा ठेवतेय. ती अजून अधूनमधून बोलून दाखवते.

तू मात्र तो हंगाम वाया घालवला नाहीस. होड्या पुन्हा दर्यात जायच्या आधी, एका रविवारी मिसा सुटल्यावर, तू चर्चच्या आवारात बायकांना थांबवून घेतलंस. मी बरण्या सांभाळायला आले होते. मला वाटलं होतं तू चरबीबिरबी समजावशील. तू चूल मांडलीस! गेल्या हंगामातला पावडरीचा बोंबील सगळ्यांसमोर तीन पाण्यांनी धुतलास, कढईत तळलास, आणि ते तेल एका बरणीला आतून चोपडलंस. दुसऱ्या बरणीला नुसतं कोरं तेल. दोन्हींत माश्या सोडल्यास. बायका बघत राहिल्या.

कोऱ्या तेलाच्या बरणीतल्या माश्या चिकटत, सुटत, भुणभुणत होत्या. दुसरीतल्या एकेक उताण्या पडायला लागल्या.

तुझी आई पुढं झाली, बरणीत वाकून बघितलं आणि तुझ्याकडे वळली. "मग मांजर..." म्हणाली, आणि थांबली.

रजीना मात्र भडकली. "हे दाखवायला शिकवली तुला आमी?" ती म्हणाली. "पावडर टाकली न्हाय तर मासळी किडे खाणार. टाकली तर माणसानं खायची न्हाय. मग आमी काय खावं, ते सांग!"

"ते अजून मला माहीत नाही," तू म्हणालीस. "मिळून शोधू."

शिकलेल्या माणसानं एवढ्या लोकांसमोर "माहीत नाही" म्हणावं, याचा मला तेव्हा संकोच वाटला होता. पण त्यामुळेच बायका उठून गेल्या नाहीत, असं आता वाटतं.

उपाय म्हणून तू मिठाकडे वळलीस. माशी खारट मासळीवर अंडी घालायला नाखूश असते, एवढं तुला ठाऊक होतं. बाबांनी भाईंदरहून गाडीभर मीठ पाठवलं. पहिले बोंबील मिठाच्या पाण्यातून काढून सुकवले ते मावशीनं चाखून थुंकले. "हा बोंबील हाय का मिठाचा खडा?" मग तू मीठ कमी करत गेलीस, करत गेलीस. माशी येणार नाही पण माणूस जेवेल, अशी जागा शोधत. मला ती जागा सापडेल असं वाटत नव्हतं. तुला सापडली, निदान बोंबलापुरती. जवळ्याचं जमलं नाही. तो मिठानं चिवट व्हायचा. म्हणून तो तू वाळूवरून उचलून जुन्या जाळ्याखाली सुकवायला लावलास. कुणी ऐकलं, कुणी नाही. काही घरांत पावडर दाराआड चालूच राहिली, तुला कळत होतं, आणि तू कुणाच्या दारात जाऊन भांडली नाहीस. स्वातंत्र्य आलं त्या हंगामात मावशीनं पुन्हा मांजर पाळलं.

आणि मग तू आजारी पडलीस.

हॉस्पिटलात तुला भेटायला आले त्या दिवशी मी ठरवून आले होते, की आता विचारायचं. हंगाम कधीच उलटला, लिहू का? तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी लोणच्याबद्दल बोलायला लागले. तू मला मध्येच थांबवलंस. खाटेखालच्या लघवीच्या भांड्याकडे बोट दाखवलंस.

"रंग बघितलास? पित्त उतरलंय. तुझ्याकडे तपासायची सोय आहे ना? थोडं घेऊन जा."

"फिलू, गप पड."

"अगं, एवढा चांगला नमुना परत मिळायचा नाही."

मी हसले. तूही हसलीस. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून रडले, हातात रुमालात गुंडाळलेली बाटली होती. नमुना मी तपासला. पित्त होतंच. तुला सांगायला येणार होते, त्याआधीच निरोप आला.

दफन झाल्यावर पेद्रूदादा माझ्याजवळ आला. इतकी वर्षं त्यानं माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलणं केलं नव्हतं. सरळ म्हणाला, "त्या पावडरीनं मेली का ती? दिवसभर त्यातच असायची."

"मला माहीत नाही, दादा."

"तुमी शिकलेल्या. माहीत न्हाय म्हंजे काय?"

म्हणजे काय? म्हणजे कावीळ दूषित पाण्यानंही होते, आणि त्या महिन्यात मुंबईत पुष्कळांना झाली होती. म्हणजे उंदराच्या यकृतावर त्या पावडरीचा परिणाम होतो असं ऐकून आहे, पण तू उंदीर नव्हतीस. म्हणजे एका माणसावरून काही म्हणता येत नाही, आणि ते एक माणूस तू होतीस. हे सगळं मी त्याला कसं सांगणार होते? "शोधून काढता येईल का, ते बघते," एवढंच म्हटलं. तो मान हलवून गेला. त्याला "हो" ऐकायचं होतं की "नाही", तेही मला कळलं नाही.

परवा तुझ्या महिन्याच्या मिसेला पालीला आले होते. बाहेर पडताना रजीनानं हाक मारली. तिच्या हातात लोणच्याची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं. आत माश्या.

"ह्या बघ," ती म्हणाली. "मरत न्हाय."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिनं मान खाली घातली नाही. "होय, आमी टाकत होतो पावडर. फिलूला ठाऊक होतं. आता टाकली तरी ह्या वर बसतात, अंडी घालतात. मूठमूठ टाकली. काय व्हत न्हाय. आधी एका चिमटीत मरत होत्या. असं का?"

"मला माहीत नाही, रजीनाबाई."

"तिलाच इचारणार होते," ती म्हणाली. मग बरणी माझ्या हातात देत म्हणाली, "तू शोध. आणि काय ते कागदावर लिव. तुमचं दोघींचं त्यावरून वाजलं होतं ना, मावशी सांगत होती. पालीचं नाव घाल. पावडर मासळीत राहते, माशी मरत न्हाय, मग मेलं कोण? खाणारा. दुसऱ्या गावांना तरी कळू दे."

तुझी आई बाजूलाच उभी होती. तिनं बरणीवरचं फडकं जरा घट्ट बांधून दिलं.

तेव्हा फिलू, मी लिहितेय. तू असतीस तर आपण पुन्हा भांडलो असतो, आणि कदाचित यावेळी तू हरली असतीस, रजीनाकडून, माझ्याकडून नव्हे. लेखावर तुझं नाव आधी राहील. सरांना मी तसं सांगितलंय.

पण ते माझ्या डोक्यात तितकंसं नाही. माझ्या डोक्यात त्या माश्या आहेत. बैलगाडीत बरणी मांडीवर धरून बसले होते आणि सारखा एकच प्रश्न फिरत होता. यांच्या अंगात पावडर शिरतच नाही, की शिरते आणि आत तिचं दुसरंच काहीतरी होतं? दुसरं होत असेल तर काय? कशानं? माशीच्या पोटात असं काय आहे, जे मांजराच्या पोटात नाही? कितीतरी दिवसांनी मला भूक लागली, फिलू. खरीखुरी. घरी जाऊन मी दोनदा भात घेतला.

प्रयोगशाळेत मी पावडर फिरवलेल्या बरणीत त्या सोडल्या. काही मेल्या. बऱ्याचशा मेल्या नाहीत, पाय चोळत बसल्या. मी सरांना बोलावलं. त्यांनी बरणी उजेडाकडे धरून बघितली. मग म्हणाले, "हे काम आता कुणाचं, कमल? कीटकवाल्यांचं की तुमच्या रसायनाचं?"

"ते मला सांगता येत नाही, सर. पण खोली मला तिची हवी."

त्यांनी खिशातून तुझ्या खोलीची किल्ली काढून दिली. बहुधा कुणीतरी मागेल म्हणूनच ती खिशात बाळगली असावी.

माश्या पाळायच्या कशा, हे मला येत नाही. दूध किती, साखर किती, जाळी केवढी, ऊन कुठून, मी सगळं चुकवतेय. एक पिंजरा मुंग्यांनी फस्त केला. तरी उरलेल्यांनी अंडी घातली. आज सकाळी दार उघडलं तर अळ्या बाहेर आल्या होत्या. मी स्टूल ओढून खाली वाकून बसले आणि बघत राहिले. सगळ्या जिवंत आहेत, फिलू. सगळ्या वळवळतायत.